आहेराचा पंखा

माझ्या भावाने आम्हाला आहेरात बोटीचा पंखा दिला. साडी दिली असती तर नेसून फाडली असती आणि विषय संपला असता. पंखा फाटत नाही.

पंखा म्हणजे छताचा नव्हे. बोटीच्या मागे, पाण्याखाली, दांड्याच्या टोकाला फिरतो तो. पितळेचा, तीन पात्यांचा. शिकलेली माणसं त्याला प्रोपेलर म्हणतात. आम्ही राई गावची माणसं पंखाच म्हणतो आणि आमचा कधी गोंधळ होत नाही. छताचा पंखा बंद पडला तर आमच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. बोटीचा बंद पडला की अर्धं गाव चिखलात उभं राहून सल्ले देतं.

त्या आहेराच्या आधी माझं आणि भावाचं बोलणं बंद होतं. त्याच्या मुलीच्या लग्नात मटण कच्चं राहिलं होतं आणि मी ते पंगतीत बसल्या बसल्या सांगितलं. नंतर लोक म्हणाले, सांगायची एक पद्धत असते. मी म्हटलं, मटण शिजवायचीपण असते. भाऊ रुसला. तो खाडीच्या पलीकडे वसईला, आम्ही अलीकडे. दोन्हीकडच्या बोटी पाण्यात समोरासमोर आल्या की बघून न बघितल्यासारख्या निघून जायच्या. मटण कच्चंच होतं. आज विचारलं तरी हेच सांगेन.

या भांडणाचा त्रास मला नव्हता, माझ्या नवऱ्याला होता. माझा भाऊ वयाने माझ्याहून लहान, पण मोठ्या बोटीचा मालक. त्याची बोट खोल समुद्रात जाते, आठवडा आठवडा परत येत नाही. आमची बोट खाडीतली. सकाळी गेली की दुपारी जवळा, कोळंबी, बोयटं घेऊन घरी. भाऊ समोर आला की नवऱ्याच्या पाठीचा बाक थोडा वाढायचा. मेव्हण्याला तो 'मामा' म्हणायचा, आमच्या मुलाचा मामा म्हणून. पण ऐकणाऱ्याला वाटावं, याचाच मामा आहे.

मग आमचं जुनं इंजिन गेलं. बापलेकांनी नवं डिझेल इंजिन घेतलं. घरात जे काही होतं ते सगळं त्या इंजिनात गेलं, आणि हे जळलं तर दुसरं येणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तसं झालं तर पुढे काय, हे बघायला लांब जावं लागत नव्हतं. नवऱ्याच्या चुलतभावाची बोट बंद पडली, त्याच्या शेतावर टॉवर उभा राहिला आणि त्याच टॉवरच्या गेटवर तो आता शिट्टी घेऊन बसतो. जिथे त्याने भात लावला तिथे खुर्ची टाकून लोकांच्या गाड्या मागे घेतो. नवरा येता-जाता त्याच्याकडे बघायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "मी चिखलात मरन, पन शिट्टी न्हाय फुंकणार." वॉचमनच्या कामात वाईट काही नाही. पण माझ्या नवऱ्याला शिट्टी वाजवता येत नाही हेही खरं. दात पुढचे गेलेत.

इंजिनाची पूजा ठेवली. नवऱ्याने मला न विचारता भावाला बोलावणं पाठवलं. तो येणार नाही अशी माझी खात्री होती. तो आला. पांढरे कपडे, मागे बायको नारळाचं ताट घेऊन, आणि तिच्या मागे दोन माणसं लाल कपड्यात गुंडाळलेलं ओझं उचलून. कपडा सोडला तर आत पंखा. त्याच्या जुन्या बोटीचा होता. पण भांडीवाल्याकडून मशीनवर असा घासून आणला होता की पुरुष त्यात बघून केस नीट करायला लागले. त्याला हार घातला होता. हळदकुंकू लावलं होतं.

"बाय, झाला गेला विसर," भाऊ मला म्हणाला. "भावाची आठवण म्हणून हा पंखा लाव."

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पंख्याकडे बघत होते. आमचा जुना पंखा मला एका हाताने उचलता यायचा. त्याचं एक पातं तडकलं होतं म्हणून तो काढून ठेवला होता. हा उचलायला दोन माणसं लागली होती.

इंजिन बसवायला भाईंदर पूर्वेचा मिस्त्री आला होता. तो उत्तरेकडचा, पण इतकी वर्षं इथे आहे की बोंबील आमच्यासारखा खातो. त्याने पंख्याभोवती एक फेरी मारली, मधल्या गोळ्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ये कितने का है?"

आता कारखान्यात 'कितने का' म्हणजे मापाला केवढा. पाना चौदाचा, पाना सोळाचा, तसं. पंख्याचं माप गोळ्यावर ठोकलेलं असतं: रुंदी किती आणि एका फेऱ्यात तो पाणी कापत किती पुढे जाणार. त्यावरून कळतं कुठल्या इंजिनाला कुठला पंखा. पण घासणाऱ्याने चमकवण्याच्या नादात आकडेही घासून टाकले होते. म्हणून बिचारा विचारत होता.

भावाला वाटलं, किंमत विचारतोय.

"आहेराचा भाव विचारतोस?" भाऊ एवढ्या जोरात म्हणाला की भटजी मंत्र थांबवून बघायला लागले. "माज्या बयनीला दिलेल्या वस्तूचा भाव? तुज्या घरात विचारतात काय असा?"

मिस्त्री म्हणाला, "शेठ, मैं तो साइज..."

"साईज आन् भाव, येकच झाला ना!" भाऊ म्हणाला. नवऱ्याने मिस्त्रीच्या हातात प्रसादाची वाटी दिली आणि त्याला बाजूला नेलं. त्यानंतर त्या पंख्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. ओहोटीला बोट चिखलात बसली तेव्हा तो लावला. आमचा दांडा बारीक, पंख्याचं भोक मोठं, म्हणून मध्ये बुश घातला. पाती आणि बोटीचा तळ यांच्यात हाताचं बोट जाईना. मिस्त्री काही बोलला नाही. जेवून गेला.

पहिल्याच दिवशी बोट खाडीत निघाली आणि धूर सोडायला लागली. साधा नाही, काळाकुट्ट, टायर जाळल्यासारखा. मुलगा पुढे बसून खोकत होता. जोर दिला की इंजिन घुमायचं, पण पळायचं नाही. दोर लावून कोणी मागे खेचतंय असं. परत आले तेव्हा नवऱ्याच्या कानातसुद्धा काजळी होती.

घरात पाय ठेवतो तोच भावाचा फोन.

"दाजी, तुमची बोट जळतेय काय? हितून धूर दिसतोय." त्याने फोटोही पाठवला होता. त्यात पाणी कमी आणि धूर जास्त होता.

"न्हाय मामा, नवीन इंजिन हाय. पयल्या पयल्यांदा धूर टाकतंय," नवरा म्हणाला.

"माजा पंखा लावलाय ना?"

इथे माझ्या नवऱ्याने काय करावं? हो म्हणावं. पण त्याला वाटलं, हो म्हटलं तर धुराचं खापर पंख्यावर जाईल, मामाला राग येईल आणि पुन्हा खाडीच्या दोन बाजू होतील. म्हणून तो म्हणाला, "तो कसा पान्यात घालायचा, मामा? आहेराचा पंखा. देवाजवळ ठेवलाय."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "देवाजवळ समई ठेवायला जागा न्हाय. पंखा कुठं ठेवलाय तुमी?"

मग त्याने आमचा जुना, पातं तडकलेला पंखा आणला, त्याच लाल कपड्यात गुंडाळला आणि देव्हाऱ्याखाली सरकवला. मी रोज देवाला फूल वाहताना त्याला पाय लागायचा.

धूर थांबेना. बापलेकांनी डिझेल बदललं. फिल्टर बदलला. मिस्त्रीला बोलावून नोझल काढले, धुतले, पुन्हा बसवले. नवऱ्याने बोटीची दृष्ट काढली आणि लिंबू-मिरची बांधली. एका फेरीत मिरच्या काळ्या झाल्या तेव्हा तो म्हणाला, "बघ, कवरी दृष्ट होती." टॉवरच्या वरच्या मजल्यावरची एक बाई माझ्याकडून कोळंबी घेते. ती म्हणाली, "मावशी, तुमची बोट गेली की मला खिडकी बंद करावी लागते." मी म्हटलं, "मग कोळंबी कुठून येणार? करा बंद."

पण इंजिन तापायला लागलं तेव्हा मात्र मला हसू येईना. पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा लाल रेघेकडे जायचा आणि मुलगा हळू घ्यायचा. हळू गेलं की भरती चुकायची. भरती चुकली की जाळं रिकामं. मी मिस्त्रीला ओट्यावर बसवलं, पुढे चहा ठेवला आणि म्हटलं, "सच बोल. इंजिन में क्या है?"

"इंजिन में कुछ नहीं है, मौसी," तो म्हणाला. "पंखा भारी है. इंजिन को जितना घूमना है उतना घूमने नहीं देता."

"तो बोला क्यों नहीं?"

"पूछा तो था, कितने का है. आपका भाई मारने को आया. मैं फॅमिली मॅटर में नहीं पड़ता."

मी चौथीपर्यंत शिकलेय, पण मी पुरण घाटलंय. पातळ आमटीत केवढाही डाव फिरवा, हात दुखत नाही. घट्ट झालेल्या पुरणात मोठा डाव घातला की मनगट फिरत नाही, नुसतं थरथरतं. इंजिनाचं तसंच. मिस्त्री म्हणाला, इंजिनाच्या पाटीवर लिहिलेलं असतं, पूर्ण जोर दिला की किती फेरे मारायचे. मोठा पंखा ते मारू देत नाही. मग इंजिन डिझेल पीत राहतं, ते धड जळत नाही आणि धूर होऊन बाहेर पडतं. आतली उष्णता आतच. असंच चालवलं तर वॉल्व्ह जळतील, मग पिस्टन. उपाय सोपा होता. पंखा काढायचा, पात्यांची टोकं कापायची, पुन्हा लावून फेरे मोजायचे.

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चकित झाला नाही. मुलगाही झाला नाही. मग कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या मोरवा गावच्या माणसांनीसुद्धा धूर बघून सांगितलं होतं, पंखा जड आहे. सगळी दुनिया गप्प होती, कारण आहेर होता.

"आहेर कापायचा?" नवरा म्हणाला. "त्याला कळला तर? येकदा मटणावरनं झाला तेवरा बस. तू तोंड उघरू नको."

"इंजिन जळला तर तोंडात शिट्टी घाला मग," मी म्हटलं. तो उठून बाहेर गेला.

मी भावाला फोन करणार होते. तेवढ्यात तोच आला. त्याला आता राहवत नव्हतं. पलीकडच्या धक्क्यावर लोक त्याला विचारायला लागले होते, तुमच्या दाजींची बोट आहे ना ती, कोळशावर चालते काय. तो पांढरे कपडे घालून आला आणि म्हणाला, "सरका. मी बघतो काय झालाय." आधी त्याने देव्हाऱ्याखालच्या लाल गाठोड्याला नमस्कार केला, वर फूल ठेवलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

मिस्त्रीला बोलावून घेतलं आणि मीही बोटीत चढले. नवरा म्हणाला, तू कशाला. मी म्हटलं, हवा खायला.

भावाने सुकाणू हातात घेतलं आणि पूर्ण जोर दिला. धूर असा आला की वसई दिसेनाशी झाली. मिस्त्रीने फेरे मोजायचं यंत्र इंजिनाला टेकवलं आणि भावाला आकडा दाखवला. भावाला इंजिनातलं कळतं, ते मी नाकारत नाही. त्याने आकडा बघितला, इंजिनाची पाटी बघितली, बोटीच्या मागे वाकून पाण्याचा फेस बघितला. शर्टाची पुढची बाजू काळी झाली होती.

"अरे, इंजिनात काय पन न्हाय!" तो ओरडला. "पंखा मोठा हाय! डोळे फुटले काय तुमचे? येवऱ्याश्या इंजिनाला येवरा पंखा! कुठल्या गाढवानी दिला ह्यो?"

मुलाने जाळ्यातली गाठ सोडायला घेतली. तिथे गाठ नव्हती. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "बाजारातून आनला, मामा."

"त्याच्या कानाखाली वाजवा. आन् कापा ह्याला आजच्या आज."

बोट परत आणून बंदराच्या चिखलाशी लावली. ओहोटी लागली होती. भाऊ काठावर दगडावर बसला. "पानी उतरू दे, पंखा बघून जातो," तो म्हणाला.

माझ्या नवऱ्याने जन्मात केली नसेल एवढी सरबराई त्याने त्या दुपारी केली. "मामा, घरी चला, चहा घ्या." भाऊ म्हणाला, हितंच आना. चहा आणला. "मामा, ऊन हाय." छत्री आणली. "मामा, हितं मच्छर हाय." भाऊ म्हणाला, "दाजी, मी दर्यावर ऱ्हातो. मना मच्छर खात न्हाय." पाणी बोटभर बोटभर उतरत होतं. आधी सुकाणूची फळी दिसली. मग दांडा. मग चिखलाच्या पाण्यातून एका पात्याचं टोक वर आलं आणि उन्हात असं चमकलं की माझेही डोळे दिपले. धुराची काजळी पंख्यापर्यंत पोचत नाही, आणि भांडीवाल्याने काम चोख केलं होतं.

भावाने चहाचा कप खाली ठेवला. तो उठून दोन पावलं चिखलात गेला, पांढऱ्या पायजम्यासकट.

"ह्यो..." तो म्हणाला.

नवरा म्हणाला, "मामा, त्याचा काय झाला..."

"तुजाच हाय," मी म्हटलं. "तूच दिलास. देवाजवळ आमचा जुना हाय, फुटका. त्याला तू फूल घातलास. तुला वाईट वाटंल म्हणून हे गप्प बसले आन् इंजिन जाळत बसले. तुला काय म्हणायचा ते मना म्हण. आन् गाढव कोन ते मी न्हाय सांगितला, तूच सांगितलास."

पाणी आणखी उतरलं. तिन्ही पाती दिसायला लागली. काठावर बघायला माणसं जमली होती. एवढा वेळ ती कुठे होती कोण जाणे. भाऊ पंख्याकडे बघत राहिला. मग त्याने लोकांकडे बघितलं, मग पुन्हा पंख्याकडे.

"दिला तवा येवरा नव्हता," तो म्हणाला. "पान्यात फुगलाय."

काठावरचे सगळे गंभीर चेहऱ्याने हो म्हणाले. माझा नवरा सगळ्यात आधी म्हणाला. "फुगतंय, मामा. खाडीचा पानीच खराब."

मिस्त्री पुढे झाला. हात मागे बांधून, लांबूनच, त्याने विचारलं, "शेठ, अब बोलो. कितने का है?"

भाऊ हळूच म्हणाला, "सव्वीस का." आणि आमच्या इंजिनाला हवा होता तेवीस इंचाचा.

पंखा काढला. मोरव्याच्या रस्त्यावर एक कारखाना आहे, तिथे नेला. भाऊ घरी जाईना. तो बरोबर गेला आणि मीही गेले. कापणाऱ्याने खडूने खूण केली की भाऊ म्हणायचा, "येवरा नको, थोरा कमी." पोराचे पहिले केस कापताना बाप न्हाव्यापुढे बसतो तसा तो तिथे बसला होता. कापणारा वैतागला. तिन्ही पाती सारखी कापावी लागतात, नाहीतर बोट थरथरते, आणि जास्त कापली तर इंजिन नुसतं ओरडतं, बोट जागची हलत नाही. त्याला हे सांभाळायचं होतं आणि वर हा पाहुणा. पहिल्यांदा भावाचं ऐकून कमी कापली. लावून बघितली तर धूर काळ्याचा राखाडी झाला, पण फेरे कमीच. भाऊ म्हणाला, "आता बरा हाय की." मी म्हटलं, "अर्धा शिजलाय." त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. मग स्वतःच पंखा पुन्हा काढायला सांगितला.

दुसऱ्यांदा कापून लावला तेव्हा मिस्त्रीने यंत्र टेकवलं आणि मान डोलावली. इंजिनाचा आवाज मोकळा झाला होता. मागून धूर निघत होता तो चुलीवरच्या भाताच्या वाफेएवढा. काटा लाल रेघेच्या खूप खाली. नवरा सुकाणूवर होता. त्याची पाठ सरळ होती. काठावर चुलतभाऊ ड्युटीवरून येऊन उभा होता, गळ्यात शिट्टी. नवऱ्याने त्याला हात केला.

त्या दिवशी भाऊ आमच्याकडे जेवला. मी मटण केलं होतं. त्याने पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाला, "बाय, मटण कच्चा हाय."

नव्हतं. मी त्याला तसं सांगितलंही.

कापलेले तुकडे मी ठेवून घेतले. भावाला ते हवे होते, पण आहेर परत मागायचा नसतो असं मी म्हटलं. अंगणात जवळा वाळत घालते त्या प्लास्टिकच्या कोपऱ्यांवर मी ते ठेवते, वाऱ्याने उडू नये म्हणून. तीन कोपऱ्यांना तीन पात्यांचे दोन-दोन तुकडे, चौथ्याला दगड.

मग एक दिवस दुपारी नवऱ्याचा फोन वाजला. तो नुकताच खाडीतून आला होता, पाय धूत होता. त्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"दाजी, आज बोट न्हाय गेली काय?" भाऊ विचारत होता. "बरा हाय ना सगळा? सकाळपासून बघतोय. धूर न्हाय दिसला."

"गेली व्हती, मामा," नवरा म्हणाला. "येऊन पन झाली."

"मग कळवायचा ना," भाऊ म्हणाला. "मानूस हितं बघत बसतंय."

आता नवरा रोज परत आला की त्याला फोन करतो. दोघांकडे बोलायला काही नसतं. तरी बोलतात, आणि तेवढा वेळ जवळ्यावरचे कावळे मलाच हाकलावे लागतात.